मशीन वाढवा, पण पाण्याचंही बघा
नागपुरात डायलिसिसची मशीन वाढायला हवीत, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण पाण्याचा विषय एका ओळीत उरकलात, तो खटकला. माझ्या बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करणं, असतं. चार तासांच्या एका खेपेला साधारण १२० लिटर पाणी लागतं आणि ते रक्तापासून फक्त एका पातळ पडद्याच्या अंतरावर असतं. पेंच धरणाचं नळाचं पाणी आपण बिनधास्त पितो. त्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावंच लागतं. डायलिसिसला मात्र एकूण क्लोरीन ०.१ च्या वर चालत नाही. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) रक्तात शिरलं तर तांबड्या पेशी फुटतात. नुसतं आरओ त्याला पुरत नाही, आधी कार्बनची टाकी लागते. तिची ताकदही कधीतरी संपते, म्हणून रुग्णांच्या दर पाळीला क्लोरीनची तपासणी हवी. बाबांच्या पहिल्या सेंटरवर मी या तपासणीची वही मागितली, तर पुढच्या दोन दिवसांचे आकडे आधीच भरलेले, एकाच पेनाने! त्याच आठवड्यात सेंटर बदललं. आताची सिस्टर सकाळी पाण्यात तपासणीची पट्टी बुडवून रंग आम्हालाही दाखवते. ज्यांच्या घरातल्या कुणाचं डायलिसिस चालू आहे त्यांनी ही वही जरूर मागावी, संकोच करू नये.