स्टेशन जवळ, भाडेकरू लांब

गिरगावातली एखादी चाळ पाडून तिथे परवडणारी घरं बांधायचं तुमच्या मनात आलं असेल, तर मुहूर्त उत्तम आहे. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेहून थेट कफ परेडपर्यंत धावते आहे. गिरगाव, काळबादेवी ही स्टेशनं उघडली, चर्नी रोड तर आजोबांच्या काळापासून आहेच. अशा मोक्याच्या जागी राहायचा खरा मान कुणाचा? ज्याला ना मेट्रो लागते ना लोकल, त्याचा. एवढं पक्कं धरून चाला, पुढचं सगळं सुतासारखं सरळ जाईल.

सुरुवात माहितीपत्रकापासून करा. ‘स्टेशन तीन मिनिटांवर’ हे ठसठशीत छापा आणि त्याच्याच खाली ‘प्रत्येक फ्लॅटला दोन पार्किंग’. स्टेशन दारात असताना दोन मोटारी कशाला, असं विचारणारा एखादा निघेल; बहुधा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाचा. त्याला चहा पाजून वाटेला लावा. खालचे सात-आठ मजले गाड्यांचे, म्हणजे पोडियम; माणसं त्याच्या वर. हिशोबही चोख बसतो. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, तीत अख्खं कुटुंब तीन पिढ्या राहिलं. मोठ्या मोटारीच्या एका पार्किंगची जागा अडीच बाय साडेपाच मीटर, म्हणजे १४८ फूट. त्यात वळवायची, रॅम्पची जागा धरली की गाडीचा संसार माणसापेक्षा ऐसपैस होतो. होऊ द्या. गाडीला निदान मोरीसाठी भांडावं लागत नाही.

‘परवडणारं’ म्हणजे किती, या वादात पडू नका. जीएसटीच्या सवलतीसाठी केंद्र सरकारने महानगरात ६० चौरस मीटर कार्पेट (म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा) आणि ४५ लाख रुपये अशी मर्यादा घातली आहे. गिरगावात ४५ लाखांत काय मिळतं हे दलालाला विचारून पाहा, तो हसून तुमच्याच तब्येतीची चौकशी करेल. धीर सुटला तर २०२३ ची म्हाडाची सोडत आठवा. त्यात ताडदेवचं एक घर साडेसात कोटींचं होतं. सोडत म्हाडाची असली की आकड्याला आपोआप सोज्वळपणा येतो.

आता संमती. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागायची, आता ५१ टक्क्यांत भागतं. सह्यांसाठी पहिल्या मजल्यापासून दारं ठोठावत बसू नका. खोलीला कुलूप लावून जे डोंबिवलीत राहायला गेलेत, त्यांना आधी गाठा. त्यांना संडासाची रांग आठवते, शेजार आठवत नाही. उरलेल्यांसाठी सभा घ्या, बटाटेवडे ठेवा, नकाशा भिंतीवर उंच लावा, म्हणजे आकडे वाचायला कुणी खुर्चीवर चढणार नाही. एखाद्या काकांनी ‘कार्पेट की बिल्टअप?’ असं विचारलंच, तर त्यांना तिथल्या तिथे कमिटीत घ्या.

बांधकाम होईपर्यंत बाहेर राहायच्या घरभाड्याचे अकरा चेक एकदम द्या. एवढी जाड चळत हातात आली की बारावा महिना कुणाला दिसत नाही. त्या भाड्यात गिरगावात काही मिळत नाही, म्हणून मंडळी विरारला, बदलापूरला जातील आणि रोज दोन-दोन तास लोकलला लटकतील. म्हणजे तुमच्या एका प्रकल्पाने रेल्वेला कायमचे प्रवासी मिळाले. सार्वजनिक वाहतुकीला पूरक विकास म्हणतात तो हाच! अहवालात हे जरूर लिहा.

जे चिवट परत येतील, त्यांना नियमाप्रमाणे किमान ३०० फूट द्यावेच लागतात. द्या की. इमारत मागच्या बाजूला, खिडक्या पोडियमच्या धुराड्याकडे, आणि मेंटेनन्स असा की पहिल्याच दिवाळीला विकायचा विषय घरात निघावा.

शेवटचं काम फाटकाचं. स्टेशनच्या बाजूचं फाटक सुरक्षेच्या कारणास्तव कायम बंद ठेवा, नाहीतर मेट्रोतून उतरलेलं कुणीही तुमच्या हिरवळीवरून चालत जाईल. पोळ्या करायला, पोरं सांभाळायला येणाऱ्या बायका मागच्या फाटकाने, रजिस्टरात सही करून आत येतील. त्यांना उशीर झाला तर पगार कापायची तरतूद सोसायटीच्या नियमावलीत आत्ताच करून ठेवा. रोज कुणीतरी विरारची गाडी लेट होती असं सांगणार, आणि ते खरंही असणार.