हिबोनाइट पृथ्वीवरही आहे

हिबोनाइट या खनिजावरचा तुमचा लेख आवडला, पण 'हिबोनाइट फक्त उल्कांतच सापडते' हे वाक्य दुरुस्त करा. या खनिजाची पहिली नोंद मादागास्करच्या खडकांवरून 1956 मध्ये झाली. ते शोधणारे पॉल हिबों, म्हणून हे नाव. उल्कांतले हिबोनाइट नंतर कळले.

1969 मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केतले त्याचे कण निळे आहेत, आणि तो निळा रंग त्यातल्या थोड्याशा टायटॅनियममुळे येतो. काल इथे वडोदऱ्याला, दांडिया बाजारातल्या घरी नातीला हेच सांगत होतो. तिच्याच निळ्या पेनने वहीत एक ठिपका काढला. म्हटलं, "बेटा, याहूनही बारीक, आणि वय साडेचारशे कोटी वर्षांहून जास्त!" ती कितीतरी वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली.

सूर्याभोवतीचा तापलेला वायू निवताना आधी कोरंडम, म्हणजे आपल्या माणिक-नीलमाचेच खनिज, घट्ट झाले. मग त्यात कॅल्शियम मिसळून हिबोनाइट बनले. सूर्यातून वेगाने येणाऱ्या किरणांच्या माऱ्याने या कणांत हीलियम आणि निऑन वायू तयार होतात; 2018 मध्ये याच कणांत अडकलेले ते वायू मोजून शास्त्रज्ञांनी दाखवले, की कोवळा सूर्य आजच्यापेक्षा पुष्कळ खवळलेला होता. लेखात हे यायलाच हवे होते. पुढच्या भागात जरूर घ्या.