‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

डिचोलीच्या बाजारात भाजीपावाच्या गाड्याशेजारी जो पार आहे, तिथे रोज संध्याकाळी कशावर तरी वाद असतोच. परवा निमित्त झालं रोहिदासच्या एका वाक्याचं. "एचआयव्हीची गोळी जन्मभर खायची आणि रोग जायचा नाही, मग तिचा उपयोग तो काय?"

फार्मसीतला सुभाष उसळलाच. "उपयोग १९८९ सालात जाऊन विचार. डॉमिनिक डिसोझांना एचआयव्ही निघाला म्हणून म्हापशात क्षयरोगाच्या जुन्या दवाखान्यात ६४ दिवस कोंडून ठेवलं. औषध म्हणावं तर जगात एकटी झिडोव्हुडीन. हा विषाणू स्वतःची नक्कल काढताना चुका करतो आणि त्या तपासत नाही. त्यातली एखादी चूक एकट्या औषधाला पुरून उरते. तिघांना एकदम पुरून उरणारी चूक होणं फार कठीण. म्हणून १९९६ पासून तीन औषधं एकत्र."

आता ती तिन्ही एकाच गोळीत असतात: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्युडीन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम. दिवसाला एक, एआरटी सेंटरवर (एचआयव्हीच्या उपचाराचं सरकारी केंद्र) फुकट. २०१७ पासून सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती आहे हे बघत थांबायचं नाही, निदान झालं की सुरू.

"मग काहींचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो तो?" रोहिदास हटेना.

इथे समुपदेशनाचं काम करणाऱ्या प्रज्ञाताईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "निगेटिव्ह नव्हे रे. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या टेस्टच्या, कागदावर 'सापडला नाही' असं येतं. म्हणजे रक्तात तो यंत्राला मोजता येण्याइतका उरलेला नाही. अँटिबॉडीची साधी टेस्ट केलीस तर ती पॉझिटिव्हच येणार. काही पेशींत विषाणू झोपून असतो, तिथे गोळी पोचून उपयोग नाही. औषध थांबलं की बहुतेकांत काही आठवड्यांतच तो परत रक्तात. आणि हेपटायटिस बी असेल तर आणखी पंचाईत, कारण यातली दोन औषधं त्यालाही दाबून धरतात. बंद केली की लिव्हर भडकतं."

"पण लागण?"

"लोड सापडत नाही आणि गोळी चालू आहे, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. २०१९ च्या पार्टनर अभ्यासात कंडोमशिवायच्या सुमारे ७६ हजार संबंधांत जोडीदाराकडून आलेली लागण शून्य." (हे अजून किती डॉक्टर पेशंटला तोंडाने सांगतात, कोण जाणे.) लोड पहिल्यांदा सहाव्या महिन्यात, मग बाराव्या, पुढे वर्षाला एकदा. मिलिलिटरमागे विषाणूच्या हजार प्रती किंवा वर आला तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी तीन महिने गोळी नेमाने होते का ते बघायचं, मग पुन्हा टेस्ट.

"नेमाने घेतो, असं सगळेच सांगतात," रोहिदास म्हणाला.

"म्हणून डबी उलटी करायची." प्रज्ञाताईंनी गाड्यावरचे शेंगदाणे बाकावर मांडले. "तीस दिल्या, माणूस अठ्ठाविसाव्या दिवशी आला. दोन उरायला हव्यात, निघाल्या पाच. अठ्ठावीसपैकी घेतल्या पंचवीस, म्हणजे ८९ टक्के. पंच्याण्णवच्या खाली गेलं की बसवून विचारायचं: विसरलास, की घरच्यांसमोर डबी काढता येत नाही?" बऱ्याचदा डबीचंच कारण निघतं.

सुभाषचा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर. "गोळी रोज घेतात आणि वर ॲसिडिटीचं औषध ढोसतात. त्यातलं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम डोल्युटेग्राव्हिरला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. ॲसिडिटीच्या औषधाआधी दोन तास तरी गोळी घ्यायची, नाहीतर नंतर सहा तासांनी. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्यांचंही तेच, पण त्या जेवणाबरोबर एकदम चालतात. कोणी सांगतो का काउंटरवर? टीबीचं रिफॅम्पिसिन असलं तर ते डोल्युटेग्राव्हिर झपाट्याने संपवतं, म्हणून बारा तासांनी ५० ची आणखी एक गोळी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्याने त्याचे दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही."

"आणि हुर्राक?" काजूच्या दारूचा विषय कोणीतरी मागून काढला.

"या गोळीशी हुर्राकचं थेट भांडण नाही. हुर्राक घेतल्यावर गोळी विसरते, ते भांडण."

सुरुवातीला टीबी लपलेला असेल तर प्रतिकारशक्ती जागी होताच ताप, गाठी उसळतात. लोक म्हणतात गोळी बाधली आणि सोडून देतात. झोप उडाली तर गोळी रात्रीऐवजी सकाळी घ्यावी, एवढ्यावर बऱ्याचदा भागतं.

भिकूबाब इतका वेळ गप्प होते. त्यांचा प्रश्न साधा: "तारवटी, बोटीवर नोकरी करणाऱ्या माणसाने काय करायचं? आज दुबई, उद्या कुठे, घड्याळ रोज फिरतं."

"घड्याळ एक-दोन तास सरकलं तर काही बिघडत नाही," सुभाष म्हणाला. "चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन नाही. खरी अडचण साठ्याची. तब्येत स्थिर असेल तर सेंटर तीन महिन्यांचं देऊ शकतं, पण बोटीवरचा करार त्याहून लांबतो. म्हणून सही करायच्या आधीच सेंटरवर जाऊन तारखा सांगायच्या."

"आणि सामानातली डबी कोणी बघितली तर?" भिकूबाबांनी विचारलं.

"लेबलावर रोगाचं नाव नसतं," प्रज्ञाताई म्हणाल्या, "पण आतली ओल शोषणारी पुडी फेकायची नाही, आणि गोळ्या दुसऱ्या डबीत भरायच्या नाहीत. समुद्रावरच्या दमट हवेत त्या खराब होतात."