डोंगरातला वणवा ‘आपोआप’ लागत नाही

डोंगरावरचे जंगल पेटले की एक मजकूर हमखास फिरू लागतो : उन्हाळ्यात वणवा आपोआप लागतो, त्याने जंगलाची साफसफाई होते, पाऊस पडला की सारे पूर्ववत हिरवे होते, तेव्हा उगाच कोणाला दोष देऊ नये. यातले एकही विधान जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाही.

‘आपोआप’ हे तर मुळातच चूक आहे. वाळलेले लाकूड पेट घेण्यासाठी साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि पृथ्वीवर नोंदलेले हवेचे सर्वाधिक तापमान ५६.७ अंश आहे. ऊन पाचोळा सुकवते; ठिणगी दुसरीकडून यावी लागते. अमेरिकेतील १९९२ ते २०१२ या काळातल्या सुमारे १५ लाख वणव्यांच्या नोंदी तपासल्या असता त्यांपैकी ८४ टक्के माणसामुळे लागलेले आढळले. जळालेल्या क्षेत्रात त्यांचा वाटा ४४ टक्के होता, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या विजेने लागणारे वणवे किरकोळ नाहीत, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ती वीज आपल्या हातात नाही, शेकोटी आणि सिगारेटचे थोटूक मात्र आहे.

साफसफाईच्या दाव्यात थोडे तथ्य आहे. काही पाइन वृक्षांची राळेने मिटलेली शंकूफळे आगीच्या उष्णतेनेच उघडतात. मात्र नवी रोपे बी धरण्याइतकी मोठी होण्याआधीच तिथे पुन्हा आग लागली, तर रुजायला बी उरत नाही आणि जंगलाच्या जागी झुडपे व गवत येते.

सर्वांत घातक आहे तो पावसाचा दिलासा. तीव्र आगीत वनस्पतींतील मेणासारखी द्रव्ये वाफ होऊन मातीत शिरतात आणि तिथे थिजून पाणी अडवणारा थर तयार करतात. वर पाचोळ्याचे आच्छादन नाही, आत पाणी मुरत नाही, अशा उतारावर जोराचा पाऊस पडला की राख, माती आणि मोठमोठे दगड एकत्र खाली येतात. कॅलिफोर्नियात डिसेंबर २०१७ मध्ये लागलेल्या ‘थॉमस’ वणव्याने सांता इनेझ पर्वताचे उतार उघडे पाडले, आणि ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे पायथ्याच्या माँटेसिटो गावावर असाच लोंढा येऊन २३ जणांचा जीव गेला. त्यांच्यासाठी पाऊस दिलासा नव्हता, आणि म्हणूनच हे वाक्य पुन्हा पुन्हा पुढे पाठवले जाते तेव्हा मला संताप येतो.

राहिला प्रश्न दोषाचा. जळाल्याच्या खुणांवरून तपासनीस वणव्याच्या उगमापर्यंत पोहोचू शकतात. थॉमस वणव्याच्या एका उगमस्थानी जोराच्या वाऱ्यात विजेच्या तारा एकमेकींवर आदळल्या आणि तापलेला धातू खालच्या सुक्या गवतझुडपांवर पडला, हा निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर झाला. असे कारण कळले तरच तारांमधले अंतर वाढवणे किंवा सोसाट्याच्या वाऱ्यात वीजपुरवठा आधीच बंद ठेवणे, असे नेमके उपाय करता येतात.