सॅम्पल जोडीचं लेजिट चेक मी का करत नाही

सॅम्पल स्नीकर्सचे (म्हणजे बाजारात येण्याआधी कंपनीने बघायला-तपासायला बनवलेल्या जोड्यांचे) फोटो पाठवून "दादा, लेजिट चेक कर ना, खरी की नकली सांग" म्हणणाऱ्या सगळ्यांना एकदाच सांगतो: मी करत नाही. आणि फोटोवरून करून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

बाजारात रीतसर आलेली जोडी तपासताना काय बघतात? आतल्या टॅगवरचा स्टाइल कोड, तारखा, साइझ. ते खोक्यावरच्या लेबलशी जुळतं का. मग शिलाई, टाचेचा आकार, गोंदाचा वास. शंका आलीच तर शेजारी खात्रीची जोडी ठेवायची. म्हणजे सगळा खेळ ताडून पाहण्याचा. सॅम्पल कशाशी ताडणार?

लूक-सी सॅम्पल निघतं ते डिझाइन कसं दिसतंय हे बघायला, वेअर-टेस्टचं निघतं ते झिजवायला. बऱ्याचदा खोका नाही, टॅगवर माहिती अर्धवट, रंग भलताच, एखादी शिलाईही वाकडी. थोडक्यात, फर्स्ट कॉपी ज्या खुणांवरून पकडतो त्याच खुणा अस्सल सॅम्पलवरही असतात. विकणाऱ्याची केवढी सोय! चूक दाखवा, उत्तर तयार: "अरे, सॅम्पल आहे ना!" साइझ 9 असणं हाही पुरावा नव्हे. नायकीची पुरुषांची सॅम्पल्स बहुतेक अमेरिकन 9 नंबरात निघतात, हे पुतिएनच्या नकलवाल्यांना आपल्याआधीपासून माहीत आहे. चीनमधल्या त्या शहरात मोठ्या ब्रँड्सचे शूज वर्षानुवर्षं बनत आलेत, नकलाही तिथल्याच. हात त्याच कामावर बसलेला.

बरं, बाजारात रीतसर आलेल्या शूजचं तरी काय? स्टॉकएक्स ही स्नीकर्स तपासून पुन्हा विकणारी ऑनलाइन कंपनी. नायकीने 2022 मध्ये तिच्यावर कोर्टात आरोप केला की तिथून घेतलेल्या, तपासून पास झालेल्या चार जोड्या नकली निघाल्या. त्याच वर्षी स्टॉकएक्सच्या टॅगवरचं 'व्हेरिफाइड ऑथेंटिक' जाऊन 'स्टॉकएक्स व्हेरिफाइड' आलं. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायाधीशांनी 37 नकली जोड्यांसाठी स्टॉकएक्सला जबाबदार धरलं. एवढा पसारा असलेल्यांची ही गत, आणि इन्स्टावरचा पोरगा सॅम्पलची हंड्रेड पर्सेंट गॅरंटी देतो!

कुणी म्हणेल, लिलावघरांमार्फत तर प्रोटोटाइप, म्हणजे पहिले नमुने, कोटींना जातात. जातात. रॅपर कान्ये वेस्टचा नायकी एअर यीझीचा प्रोटोटाइप 2021 मध्ये सदबीज या लिलावघरामार्फत 18 लाख डॉलरला गेला. पण 2008 च्या ग्रॅमी सोहळ्यात तो त्याच्या पायात होता, आणि ते साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिलं होतं. सामन्यात घातलेल्या शूजचंही तसंच: चामड्यावरच्या सुरकुत्या, टाक्यांच्या जागा त्या दिवशीच्या फोटोंशी जुळवतात. तिथे शूजच्या बाजूने साक्षीदार उभा असतो. कारखान्यातून कुणाच्या तरी बॅगेतून निघालेल्या सॅम्पलला कोण साक्ष देणार?

आणि खरी गोम पुढे आहे. समजा जोडी अस्सल आहे. मग ती बाहेर आली कशी? 2014 मध्ये अमेरिकेत पोर्टलँडच्या फेडरल कोर्टात एक प्रकरण गेलं. नायकीच्या आतल्याच माणसांनी चीनच्या कारखान्यांकडून लूक-सी सॅम्पल्स मागवली आणि फ्लोरिडातल्या एका विक्रेत्यामार्फत बाहेर विकली. ते शूज शंभर टक्के अस्सल, आणि चोरीचे. म्हणजे जो कागद जोडी खरी असल्याचं सिद्ध करेल तोच कागद विकणाऱ्याला अडकवेल. तो कोण दाखवणार? "कंपनीतल्या माणसाकडून आलंय, नाव विचारू नकोस" हे वाक्य आपल्याकडे सर्टिफिकेटसारखं फिरतं. माझ्या लेखी उठून निघून जायला तेवढं कारण पुरे. (सगळीच सॅम्पल्स चोरीची नसतात. भेट मिळालेली, रीतसर बाहेर पडलेलीही असतात. पण तसं असेल तर नाव सांगायला लाज कसली?)

मुंबई-पुण्यात पोचेपर्यंत जोडी दोन-तीन हातांतून आलेली असते. बिल नसतं. कस्टम्सची पावती असलीच तर शूज आले एवढंच ती सांगते, कुठले ते नाही. फोटोवरून खरं-खोटं सांगणाऱ्या ॲपवाल्यांचंही ऐकलंय. पण ॲप शिकलंय दुकानातल्या जोड्यांच्या फोटोंवर. जगात एखाददुसरीच असलेली जोडी ते कशावरून ओळखणार?

तरी मोह आवरत नसेल तर विकणाऱ्याला एवढंच विचारा: सहा महिन्यांनी हीच जोडी निम्म्या भावात परत घेशील का, लिहून देशील? मी हे विचारत असतो. अजून एकानेही हो म्हटलेलं नाही.