म्हणे, स्कीइंग तासाभरात येतं!

गुलमर्गला जाऊन आलेल्या कुणाचा तरी एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्कीइंग व्हिडिओ बघून तासाभरात येतं, ज्याला येतं तो कुणालाही शिकवू शकतो, चौदा दिवसांचे कोर्स म्हणजे निव्वळ लूट, त्यापेक्षा गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, थेट वर जावं आणि घसरत खाली यावं.

तासाभरात येतं, पण काय? सरळ घसरणं. थांबणं आणि वळणं राहूनच जातं, आणि सगळी मेख तिथेच आहे. उतार दिसला की नवख्याचं अंग आपोआप मागे झुकतं. मग भार टाचांवर जातो, स्कीची, म्हणजे पायाखालच्या लांब पट्ट्यांची, पुढची टोकं हलकी होतात, दिशा हातात राहत नाही, वेग वाढतो. वेग वाढला की माणूस घाबरून आणखी मागे झुकतो. नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकवून ठेवायची, हे सांगायला सोपं, पण भीतीच्या विरुद्ध. शिकणाऱ्याला मनापासून वाटत असतं की आपण पुढे वाकलोय. बाजूने बघणाऱ्याला तो खुर्चीत बसल्यासारखा दिसतो. व्हिडिओ योग्य पवित्रा दाखवेल, पण तुमचा पवित्रा त्याला कसा दिसणार?

‘येतं तो शिकवतो’ हेही तसंच. उत्तम स्की करणारा मित्र बहुधा पहिल्याच दिवशी नको त्या उतारावर नेतो. ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंटोनमध्ये हानेस श्नायडर या स्की-शिक्षकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकवण्याचा क्रम बसवला: आधी स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब ठेवून वेग आवरायचा, मग त्यातूनच वळायचं, मग दोन्ही स्की समांतर. एक पायरी जमल्याशिवाय पुढची नाही. शिवाय बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, किती घट्ट असावं, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून ठरतं. ते फार घट्ट असलं, तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

आता लूट. पायथ्याशी बूट चढवून, काठी धरून थोडं ओढत नेणारे आणि फोटो काढून भरमसाट पैसे मागणारे भेटतात, ही तक्रार रास्तच आहे. पण त्याला शिकवणं कोण म्हणतं? गुलमर्गच्या सरकारी संस्थेच्या किंवा उत्तराखंडातल्या औलीच्या चौदा दिवसांच्या कोर्सच्या फीमध्ये राहणं, जेवण आणि साहित्यही येतं. स्वतंत्र इन्स्ट्रक्टरची कमाई तर डिसेंबरअखेर ते मार्च एवढीच, तीही बर्फ पडला तर. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धाच फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. अशा दिवसांचे पैसे त्यांना कुणी देत नाही.

शेवटचा सल्ला मात्र निव्वळ जीवघेणा आहे. गोंडोलाचा दुसरा टप्पा गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर साधारण ३,९०० मीटरपर्यंत नेतो. तिथल्या उतारावरचा बर्फ दाबून एकसारखा करून ठेवलेला नसतो, वर हिमस्खलनाचा धोका. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात दगावले. हाताशी दोनच दिवस असतील, तर दोन्ही दिवस पायथ्याच्या सौम्य उतारावरच काढा, इन्स्ट्रक्टर घेऊन. पैसे किती आणि एका गटात किती जण, हे बूट घालण्याआधीच विचारा.