तिला मराठी येत नाही म्हणे!

आज डोकं जाम फिरलंय, म्हणून लिहून राहिले.

मुलाच्या शाळेत पालकसभा होती. एक बाई उभी राहिली. छत्तीसगडातल्या राजनांदगावकडची, नवरा सेंट्रिंगच्या कामावर. "म्याडम, माझा मुलगा पाढा विसरते, घरी काय करू मी?" स्वच्छ मराठीत विचारलं तिनं. थोडी अडखळली, बस. तर म्याडम म्हणतात, "दीदी, हिंदी में बोलो, आपसे नहीं होगा." मागे दोघं-तिघं फिदीफिदी हसले. ती पदर सावरत खाली बसली. पाढ्याचं राहूनच गेलं!

आणि हेच हसणारे लोक संध्याकाळी ग्रुपवर लिहिणार, बाहेरचे येतात अन् मराठी शिकत नाहीत. अरे, शिकू देता कुठं तुम्ही? समोरचा जरा अडला की आपण लगेच हिंदीवर येतो. भाजीवाल्याशी हिंदी, वॉचमनशी हिंदी, ऑटोवाल्याशी हिंदी. पुण्यात आपल्या वऱ्हाडी हेलाला कोणी हसलं की तळपायाची आग मस्तकात जाते ना? मग?

हो, वर्षानुवर्षं राहून मुद्दाम न शिकणारेही आहेत. मान्य. 1956 पर्यंत आपलं नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी आपल्या तोंडी बसलेली आहे, तेही मान्य.

पण ती बाई गेटवर भेटली तेव्हा काय म्हणाली माहीत आहे? "मेरे से इस उमर में नहीं होगा दीदी, लड़का सीख लेगा." तिशीही नसेल तिची! या वयात भाषा येत नाही, हे तिच्या डोक्यात आपणच भरलं. पोरगा शिकेलच, 2020 च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. आईसाठी कोणता कायदा? रेशनच्या दुकानात, दवाखान्यात ती त्या आठ वर्षांच्या पोराला पुढं करते. शेजारच्या हळदीकुंकवाला जात नाही, कोणी हसेल म्हणून. मी मराठीत बोलत राहिले, तर तिला सगळं समजत होतं. हळूहळू तीही मराठीत आली. तिच्या सासूचं दुखणं, खोलीचं वाढलेलं भाडं, सगळं सांगितलं. चुकत चुकत, पण किती गोड बोलते ती बाई!

मैत्रिणींनो, एवढं करा. घरी कामाला येणाऱ्या ताईशी उद्यापासून मराठीत बोला, जरा हळू बोला. ती अडली तर वाक्य तिचं तिला पुरं करू द्या. आणि कोणी हसलं, तर त्याला तिथल्या तिथं टोका, मीही टोकलंय.